फूल दाखवा, नातं सांगते

प्रश्न : कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल या चार भाज्या नसून एकच वनस्पती आहे, असं माझा भाचा छातीठोकपणे सांगतो. रूप वेगळं, चव वेगळी, मग एक कशा? तो माझी फिरकी घेतोय का?

उत्तर : नाही, या वेळी भाचा जिंकला. चौघांचं शास्त्रीय नाव एकच आहे, ब्रासिका ओलेरेशिया. केल आणि लिंबाएवढ्या गड्ड्यांचं ब्रसेल्स स्प्राउट हीसुद्धा त्यांचीच सख्खी भावंडं. खात्री करायची तर बियाणं पिकवणाऱ्यांना विचारा. कोबीच्या आणि फ्लॉवरच्या बीजोत्पादनाच्या शेतांत किलोमीटरभर तरी विलगीकरण अंतर ठेवावं लागतं. ते न ठेवलं तर मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात आणि त्या बियांतून पुढे जे उगवतं, ते धड कोबी नसतं की धड फ्लॉवर.

माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडताना कुठे शेंड्याची फुगलेली, पानांची कळी पसंत केली, तिचा कोबी झाला. कुठे जाड खोड आवडलं, त्याचा नवलकोल झाला. ब्रोकोलीत आपण न उमललेल्या कळ्या खातो. फ्लॉवरची गंमत मात्र वेगळीच. त्याच्या गड्ड्यात फूलही नसतं आणि धड कळीही नसते. झाडाचा वाढता शेंडा फूल व्हायला निघतो, ते जमत नाही म्हणून पुन्हा शेंडाच होतो, त्यातून आणखी शेंडे फुटतात, तेही तिथेच अडकतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2021 साली या अडकण्यामागची जनुकांची साखळी उलगडली. म्हणजे तो पांढराशुभ्र गड्डा ही अर्धवट राहिलेल्या फुलांची गर्दी आहे.

मी हे सगळं वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण मनापासून पटलं ते माझ्याच आळशीपणामुळे. ब्रोकोलीचा एक तुरा पाण्याच्या पेल्यात उभा करून ठेवला आणि विसरले. आठवड्याने पाहते तर कळ्या पिवळ्या पडून उमलायला लागलेल्या. शेजारच्या कुंडीत सांडलेल्या दाण्यांतून उगवलेलं मोहरीचं रोप फुलावर होतं. दोन्हीकडचं एकेक फूल चिमट्याने काढून भिंगाखाली ठेवलं. फुलीसारख्या मांडलेल्या चार पिवळ्या पाकळ्या, आत सहा पुंकेसर, त्यातले चार उंच नि दोन बुटके. ब्रोकोलीचं फूल आकाराने जरा मोठं, एवढाच काय तो फरक. मुळ्याचं फूल मिळालं तर तेही पाहा, रंग पांढरा-जांभळट असतो, मांडणी हीच.

मोहरी मात्र सख्खी नव्हे, चुलत. शिवाय तिचा जन्मच संकरातला. नागाहारू ऊ नावाच्या शास्त्रज्ञाने (हो, आडनाव एवढंच!) 1935 साली हा हिशेब मांडला : काळ्या मोहरीची 16 गुणसूत्रं आणि सलगमची 20, मिळून तपकिरी मोहरीची, म्हणजे कुंडीतल्या या मोहरीची, 36. आणि चायनीज कोबी? तो नावापुरताच कोबी. त्याची आणि सलगमची जात एकच आहे. हे भाच्याला विचारा, अडकेल.

प्रश्न : बटाटा आणि रताळं तरी भावंडं असतील ना?

उत्तर : अजिबात नाही. रताळ्याचं फूल म्हणजे फिकट जांभळं नरसाळं, थेट बेशरमच्या फुलासारखं, कारण दोघांची प्रजातच, म्हणजे जवळच्या जातींचा गटच, एक. शिवाय रताळं हे मूळ आणि बटाटा हे खोड. म्हणून तर बटाट्याला डोळे असतात.

बटाट्याचे नातेवाईक म्हणजे टोमॅटो, वांगं, मिरची, तंबाखू आणि धोतराही. बटाट्याच्या झाडाला कधीकधी हिरव्या, बोराएवढ्या टोमॅटोसारखी फळं लागतात. ती विषारी असतात, चाखून पाहू नका. टोमॅटोशी त्याचं नातं नुसतं कुळापुरतं नाही, हे 2025 मध्ये कळलं. सुमारे 90 लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत टोमॅटोच्या पूर्वजांचा आणि दुसऱ्या एका जंगली वनस्पतीचा संकर झाला, त्यातून बटाट्याचा वंश निघाला. आईबापांपैकी एकालाही जमिनीत बटाटे धरत नव्हते. बटाटे पोसायला कधी लागायचं, हे ठरवणारं जनुक टोमॅटोकडून आलं, तर जमिनीखालचं खोड कसं वाढायचं ते सांभाळणारं दुसरीकडून. दोन्ही एकत्र आली तेव्हा बटाटा धरला. निवृत्त झाल्यावर असं काही वाचायला मिळालं की पुन्हा वर्गात जावंसं वाटतं.

प्रश्न : लिंबू मूळचं की संत्रं?

उत्तर : दोघंही नाहीत. कागदी लिंबाचा एक पालक महाळुंग, म्हणजे जाड सालीचं मोठं लिंबू, दुसरं एक जंगली, बारीक फळाचं झाड. मोसंबीत पपनस आणि मँडरीन (सुट्या सालीच्या संत्र्यांचा गट) यांची सरमिसळ आहे, आणि आजच्या बहुतेक संत्र्यांतही पपनसाचा अंश सापडतो. तेव्हा वडीलधारे म्हणायचेच तर महाळुंग, पपनस आणि जंगली मँडरीन. महाळुंगाकडे आता कोणी ढुंकून पाहत नाही, हे मला जरा लागतंच.

प्रश्न : इतकं जवळचं नातं असेल, तर बटाट्यावर टोमॅटोचं कलम होईल?

उत्तर : होतं. कॉलेजात असताना आम्ही तिघींनी केलं होतं. बटाट्याच्या खोडाला खाच, तिच्यात टोमॅटोचा पाचरीसारखा कापलेला शेंडा, वर घट्ट पट्टी. कलम धरलं, जोमाने वाढलं, आम्ही हवेत. शेवटी वर पाच टोमॅटो आणि खाली सुपारीएवढे सहा बटाटे. वरचं आणि खालचं एकाच पानांच्या कमाईवर पोसत होतं, दुसरं काय होणार? बाईंनी मार्क मात्र पूर्ण दिले.