युरिया थांबवा आधी, एक पान ग्लासात बुडवून बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. धानाच्या रोवणीला महिना झाला, पानं शेंड्याकडून दोन्ही कडांनी पिवळी होत खाली येतायत आणि दुकानवाला युरिया टाक म्हणतो. मला हेच एका सरकारी कार्यालयात सांगितलं होतं. पानं पिशवीत घालून नेली, साहेबांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही, वरूनच म्हणाले नत्र कमी आहे, एकरी एक बॅग टाका. टाकली. हवा ढगाळ, पाऊस-वारा सुरूच, आठ-दहा दिवसांत दोन एकर धान उभ्या उभ्या तणसासारखं पांढरं पडलं. तो कडा करपा होता, पानाच्या कडा वाळवणारा जिवाणूचा रोग, आणि त्याला नत्र म्हणजे खुराकच हो! नुकसानीचा अर्ज दिला तर बघायला माणूस आला कापणी झाल्यावर, तेव्हा काय बघणार?

नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी आणि अख्खी फिकी पडतात. कडा करप्यात कड नागमोडी पिवळी होते, मधली शीर बराच वेळ हिरवी राहते. तरी शंका असली तर पिवळं-हिरवं जिथे मिळतं तिथला दोन बोटं तुकडा कापा, कापलेलं टोक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणू आहे. मग बुरशीच्या करप्याचं औषध ट्रायसायक्लाझोल घेऊ नका, मी दोनदा मारलं, पैसे गेले. कॉपर ऑक्सिक्लोराईडने सुरुवातीला पसरणं थोडं थांबतं, गेलेलं पान परत येत नाही. डोस लेबलवर बघा, मी शेतकरी आहे, शास्त्रज्ञ नाही.

शक्य असेल तर पाणी काढा, पण खालच्या बांधीत, म्हणजे शेजारच्या धानाच्या वाफ्यात, सोडू नका, रोग पाण्यासोबत जातो. दव असताना धानात फिरू नका. रोवणीआधी पऱ्ह्यांचे, म्हणजे रोपांचे, शेंडे कापायची पद्धत आमच्याकडेही होती, मी बंद केली, प्रत्येक काप म्हणजे जिवाणूला उघडं दार.

आणि या बांधीचं बी ठेवू नका, दाणा कितीही भरलेला दिसो. मी ठेवलं, पुढच्या वर्षी रोवणीनंतर पंधरा दिवसांत रोपं सुरळी होऊन बसली. बियाण्यामुळेच झालं असं छातीठोक म्हणत नाही, जिवाणू टरफलात सापडतो पण बियाण्यातून किती पसरतो यावर जाणकारांचंही एकमत नाही, आणि माझ्या बांधीत जुनी धसकटं, धुऱ्यावर (बांधावर) जंगली धान तसंच होतं. पण विषाची परीक्षा कशाला? 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ टाकून पोचट बी काढता येतं, ते कराच, पण टरफलाआडचा जिवाणू त्याने मरत नाही. बारीक धान लावत असाल तर 2008 चा सुधारित सांबा मसुरी हा वाण बघा, त्याच्यात या रोगाची तीन प्रतिकारक जनुकं आहेत.

उद्या सकाळीच ग्लास घेऊन बांधीवर जा, काय दिसलं ते आणि वाण कोणता तेही इथे टाका. तोवर युरियाची बॅग उघडू नका.