वाचकांचे प्रश्न : विमानतळावरच्या लाउंजचा हक्क नेमका कुठून येतो?

या वेळी लाउंजबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांचा गोंधळ एकच आहे. लाउंजमध्ये शिरायचा हक्क तीन वाटांनी मिळतो: तिकिटाच्या वर्गामुळे, विमान कंपनीच्या सभासदत्वाच्या पातळीमुळे किंवा बँकेच्या कार्डामुळे. तिन्हींच्या अटी वेगळ्या, त्या बदलणारेही वेगळे. आपला हक्क यातल्या कोणत्या वाटेचा आहे, हे घरीच तपासून निघालात तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर लाउंजच्या दारातून परत फिरावं लागणार नाही.

माझ्याकडे एअर इंडियाचं गोल्ड सभासदत्व आहे. मुलाकडे जर्मनीला जायचंय. नागपूर ते दिल्ली इंडिगो, पुढे दिल्ली ते फ्रँकफर्ट लुफ्तान्झा. सोबत मिसेस आहेत. दोन्ही विमानतळांवर लाउंज मिळेल का?
*– एक वाचक, धरमपेठ*

दिल्लीला मिळेल, नागपूरला नाही. एअर इंडिया 11 जुलै 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे तिचं गोल्ड किंवा प्लॅटिनम सभासदत्व म्हणजे ‘स्टार अलायन्स गोल्ड’ दर्जा. हा दर्जा लाउंजसाठी चालतो, पण त्या विमानतळावरून तुमचं पुढचं उड्डाण स्टार अलायन्समधल्याच कंपनीचं असलं तर. लुफ्तान्झा या गटात आहे, इंडिगो नाही. म्हणून नागपूरला तुमच्या गोल्ड कार्डाचा उपयोग नाही, दिल्लीला पूर्ण उपयोग आहे.

मिसेसना पाहुण्या म्हणून नेता येईल. पाहुणा एकच चालतो आणि त्यालाही त्याच विमानतळावरून स्टार अलायन्सच्याच विमानाने जायचं असलं पाहिजे. तुम्ही दोघं एकाच विमानात आहात, त्यामुळे अडचण नाही. काउंटरवर दोघांचे बोर्डिंग पास आणि तुमचं सभासद कार्ड दाखवा. ॲपमधलं कार्ड चालतं, फक्त त्यावर स्टार अलायन्स गोल्डची खूण आणि मुदतीची तारीख दिसली पाहिजे. विमानतळावर नेट दगा देतं, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. मुदत प्रवासाच्या दिवशी संपलेली असेल तर पातळी वाचवायला कितीही थोडे गुण कमी पडलेले असोत, काउंटरवरचा माणूस काही करू शकत नाही.

आता दिल्लीचं बघा. इंडिगोची विमानं तिथे एकाहून अधिक टर्मिनलवर उतरतात, लुफ्तान्झा मात्र टी-3 वरून सुटते. तुम्ही टी-1 ला उतरलात तर बसने किंवा टॅक्सीने टी-3 ला जावं लागेल, आणि दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर सामान उचलून पुन्हा चेक-इन करावं लागेल. इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकल्यावरच लाउंज येतं. हा सगळा वेळ धरूनच नागपूरचं विमान निवडा, नाहीतर लाउंज हक्काचं असूनही तिथे बसायला पाच मिनिटंही उरणार नाहीत.

नागपूर-दिल्ली टप्पा एअर इंडियाने केलात तर तुमचा गोल्ड दर्जा इथेही लागू होतो. ज्या विमानतळावर कंपनीचं स्वतःचं लाउंज नसतं, तिथे ती दुसऱ्याच्या लाउंजशी करार करते. म्हणून बॅग देतानाच चेक-इन काउंटरवर विचारा, ‘गोल्डसाठी कोणतं लाउंज, आणि त्यासाठी चिठ्ठी लागते का?’ सुरक्षा तपासणी ओलांडून आत गेल्यावर चिठ्ठीसाठी परत बाहेर येता येत नाही.

एक खाच आवर्जून सांगायला हवी. तिकिटावर एअर इंडियाचा क्रमांक आहे, पण विमान एअर इंडिया एक्स्प्रेसचं आहे, असं होऊ शकतं. एअर इंडिया एक्स्प्रेस त्याच घरातली असली तरी स्टार अलायन्समध्ये नाही, आणि लाउंजसाठी विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय हेच पाहिलं जातं. तिकिटावर उड्डाण क्रमांकाखाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

क्लब विस्ताराचं गोल्ड कार्ड अजून पाकिटात आहे. चालेल का?
*– वाचक, रामदासपेठ*

नाही. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि सभासद एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले. त्या योजनेचं नाव आता महाराजा क्लब आहे. तिथे तुमचा नवा क्रमांक, सध्याची पातळी आणि मुदत दिसेल. लाउंजला तेच दाखवायचं. पातळी सिल्व्हरवर आली असेल तर स्टार अलायन्सच्या नियमांत सिल्व्हरला लाउंज नाही, हेही लक्षात असू द्या.

बँकेचं क्रेडिट कार्ड बरीच वर्षं लाउंजला चालत होतं. दिवाळीत मुंबईला जाताना मशीनने ते नाकारलं. कार्ड चालू आहे, बिल वेळेवर भरतो. मग काय झालं?
*– वाचक, मानेवाडा*

बहुधा खर्चाची अट पूर्ण झालेली नाही. पूर्वी कार्ड असणं पुरेसं होतं. 2023 च्या अखेरीपासून एकेका बँकेने तिमाही खर्चाशी लाउंज जोडलं. एचडीएफसीने 1 डिसेंबर 2023 पासून रेगालिया आणि मिलेनियासाठी तिमाहीत 1 लाख रुपयांच्या खर्चाची अट घातली. येस बँकेने 1 एप्रिल 2024 पासून आधीच्या तिमाहीत 10,000 रुपये मागितले. आयसीआयसीआयने त्याच दिवसापासून बऱ्याच कार्डांवर 35,000 ठेवले आणि 15 नोव्हेंबर 2024 पासून ते 75,000 केले. प्रत्येक कार्डाची अट वेगळी असते आणि ती पुन्हा बदलू शकते, म्हणून आपल्या कार्डाच्या नावाने बँकेच्या पानावरचा आजचा आकडा पाहा.

खरी गफलत होते ती तिमाहीत. बँका कॅलेंडरची तिमाही धरतात: जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘आधीच्या तिमाहीतला खर्च’ अशी अट असेल तर दिवाळीच्या प्रवासासाठी जुलै ते सप्टेंबरचा खर्च मोजला जातो. धनत्रयोदशीला कार्डावर दागिने घेतले तर त्याचा उपयोग जानेवारीपासून, दिवाळीला नाही.

खर्च पुरेसा वाटूनही कमी भरतो, त्याची कारणंही ठरलेली आहेत. घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, पेट्रोल आणि ईएमआयमध्ये बदललेली खरेदी अनेक कार्डांवर धरली जात नाही. परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. तिमाहीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतली खरेदी खात्यात पुढच्या महिन्यात नोंदली गेली तर ती पुढच्या तिमाहीत जाते. म्हणून काठावर राहू नका, आठवडाभर आधीच रक्कम पार झालेली असू द्या.

मशीनपाशी काय घडतं तेही माहीत असावं. काउंटरवर आधी बोर्डिंग पास स्कॅन होतो, मग कार्ड मशीनमध्ये घालून बहुतेक कार्डांवर 2 रुपयांचा व्यवहार करतात. त्या क्षणी हे कार्ड या तिमाहीत पात्र आहे का आणि त्याच्या फेऱ्या (लाउंजच्या मोफत भेटी) उरल्या आहेत का, हे तपासलं जातं. नकार आला तर लाउंजच्या माणसाकडे तो फिरवायचा कुठलाच अधिकार नसतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळलंच पाहिजे. मुलाचं कार्ड घेऊन वडील गेले तर चालत नाही.

काही बँका कार्ड घासायला सांगतच नाहीत. अट पूर्ण झाली की त्यांच्या पानावर जाऊन व्हाउचर स्वतः घ्यावं लागतं, आपोआप येत नाही. एचडीएफसीच्या वर सांगितलेल्या दोन कार्डांचं असंच आहे. खर्च करूनही व्हाउचर न घेतलेले अनेकजण दारात अडकतात.

आणि आमचं मत विचाराल तर, केवळ लाउंजसाठी 75,000 रुपयांचा खर्च ओढूनताणून करू नका. घरातला नेहमीचा खर्च, विम्याचा हप्ता, मुलांची फी यांत तो आकडा सहज बसत असेल तरच. नसेल तर तर्री पोहे खाऊन निघा आणि गेटपाशी निवांत बसा.

ड्रीमफोक्स बंद झालं असं वाचलं. आता कार्डावरचं लाउंजच गेलं का?
*– वाचक, वर्धमाननगर*

लाउंज गेलं नाही, मधला दुवा गेला. बँका आणि लाउंज चालवणाऱ्या कंपन्या यांच्यामध्ये ड्रीमफोक्स होतं: तुमची पात्रता तपासणं, फेरी मोजणं, बिल बँकेकडे पाठवणं हे काम ते करत. लाउंज चालवणाऱ्यांनी एकामागून एक करार तोडले आणि 16 सप्टेंबर 2025 ला कंपनीने देशांतर्गत लाउंज सेवा बंद केल्याचं जाहीर केलं. आता बँका आणि कार्ड नेटवर्क यांची सोय दुसऱ्या कंपन्यांमार्फत किंवा थेट लाउंजशी झाली आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की जुन्या ॲपमधला क्यूआर चालणार नाही. बँकेच्या ॲपमध्ये आता कुठून प्रवेश मिळतो ते पाहा. त्याच वेळी लाउंजची यादी उघडून त्यात ‘नागपूर’ आहे का ते शोधा. कार्डावर लाउंज आहे म्हणजे देशातल्या प्रत्येक विमानतळावर आहे असं नसतं. यादी टर्मिनलनुसार असते; दिल्ली टी-3 चं नाव असेल तर ते टी-1 ला लागू नाही. मुंबईकडे जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे, म्हणून तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट वाचा. दोन्हींची लाउंजची यादी वेगळी.

प्रायॉरिटी पास मोफत म्हणून मिळाला होता. बिलात डॉलरमध्ये पैसे लागले!
*– वाचक, खामला*

प्रायॉरिटी पास म्हणजे क्रेडिट कार्डासोबत मिळणारं लाउंजचं वेगळं कार्ड. बऱ्याच भारतीय बँकांनी दिलेला हा पास परदेशातल्या लाउंजसाठीच मोफत असतो. तोच भारतातल्या लाउंजला दाखवला की फेरीचे पैसे लागतात. शुल्क 27 डॉलर असेल तर 18 टक्के जीएसटी धरून जवळपास 32 डॉलर होतात, माणशी. काउंटरवर कुणी काही बोलत नाही, कारण पास वैध असतो. पैसे पुढच्या बिलात दिसतात. देशात मूळ क्रेडिट कार्ड पुढे करा, प्रायॉरिटी पास परदेशासाठी ठेवा. पाहुण्याची मोफत फेरी आहे का, हेही आधीच बघा. बहुतेक कार्डांवर नसते.

तीन वर्षांची नात सोबत आहे. तिचं वेगळं लागेल? आणि विमान उशिरा असेल तर?
*– वाचक, महाल*

साधारणपणे दोन वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत. नात तीन वर्षांची, म्हणजे तिची वेगळी फेरी किंवा पैसे धरा. प्रवेश उड्डाणाच्या आधी साधारण तीन तासांच्या आतच देतात आणि बसायचा वेळही दोन ते तीन तासांचा असतो. म्हणून विमान उशिरा आहे असं कळलं तर लगेच आत जाऊ नका. नवी वेळ पक्की होऊ द्या, मग जा.

लाउंज नसलं तरी उपाशी बसायची गरज नाही. नागर विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलं असेल, तर विमान कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. नागपूरहून दिल्ली आणि मुंबई दोन्ही यात बसतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे विमानं खोळंबतात, तेव्हा गेटवरच्या कर्मचाऱ्यांकडे हे हक्काने मागा. आपले लोक मागतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

नागपूर-दोहा बिझनेस क्लासचं स्वस्त तिकीट दिसतंय. लाउंज धरलेलं असतं ना?
*– वाचक, हिंगणा रोड*

भाड्याचा प्रकार पाहा. कतार एअरवेजच्या ‘बिझनेस लाइट’ भाड्यात लाउंज नसतं. त्याच विमानातल्या वरच्या बिझनेस भाड्यात असतं. कतार एअरवेज वनवर्ल्ड या गटात आहे; तुमच्याकडे त्या गटाचा सफायर किंवा एमराल्ड दर्जा असेल तर लाउंज त्या जोरावर मिळेल; रुबीवर नाही.

पात्र असूनही पैसे कापले गेले. दाद कुठे मागायची?
*– वाचक, प्रतापनगर*

मशीनमधून निघालेली चिठ्ठी आणि बोर्डिंग पास यांचा फोटो त्याच दिवशी काढा, चिठ्ठीची शाई महिन्याभरात उडते. त्या तिमाहीतला खर्च दाखवणारं स्टेटमेंट जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवर बोलून थांबू नका. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते; त्याला शुल्क नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रार विमान कंपनीबद्दल असेल तर एअरसेवा पोर्टल किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

आणि सवलत गेल्यामुळे क्रेडिट कार्डच नको झालं असेल तर सगळी बाकी भरून ते बंद करायची विनंती करा. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी 500 रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात.