वाचकांचे प्रश्न : ‘वॉज ब्रोक’ की ‘वॉज ब्रोकन’?

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि आमचा बराचसा पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. ‘गो, वेंट, गॉन’चा तक्ता शाळेपासून तोंडपाठ आहे, तरीही पॅसिव्ह व्हॉइसमध्ये लिहायची वेळ आली की ‘द लॉक वॉज ब्रोक’, ‘द लेटर वॉज रोट’ अशी वाक्ये हातून लिहिली जातात. माझे पाठांतर कमी पडते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पाठांतर कमी पडत नाही, मराठीची सवय आड येते. ‘चोराने कुलूप फोडले’ आणि ‘कुलूप फोडले गेले’ या दोन्ही वाक्यांत ‘फोडले’ हे रूप एकच असून दुसऱ्या वाक्यात त्याला केवळ ‘गेले’ जोडलेले आहे. इंग्रजीतील नियमित क्रियापदेही असेच वागतात. ‘ही ओपन्ड द लॉकर’ आणि ‘द लॉकर वॉज ओपन्ड’ यांत ‘ओपन्ड’ जसेच्या तसे राहते. त्यामुळे भूतकाळाच्या रूपामागे ‘वॉज’ लावला की काम झाले, असा समज नकळत पक्का होतो आणि अनियमित क्रियापद समोर आले की तोच आपल्याला ‘वॉज ब्रोक’कडे नेतो.

त्यात शाळेतील परिभाषेनेही भर घातली आहे. मराठी व्याकरणात ‘चोराने कुलूप फोडले’ हाच कर्मणी प्रयोग ठरतो, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीत मात्र ‘द थीफ ब्रोक द लॉक’ हे वाक्य निखळ ॲक्टिव्ह आहे. इंग्रजी पॅसिव्हशी खरे नाते आहे ते ‘चोराकडून कुलूप फोडले गेले’ या नवीन कर्मणी प्रयोगाचे. इंग्रजीच्या तासाला पॅसिव्ह म्हणजे कर्मणी एवढेच सांगून पुढे जाण्याची जी पद्धत आहे, ती माझ्या मते या गोंधळाचे मोठे कारण आहे.

इंग्रजी पॅसिव्हमध्ये काळ दाखवण्याचे काम ‘बी’ या क्रियापदाच्या रूपांकडे असते. ‘इज ब्रोकन’, ‘वॉज ब्रोकन’, ‘हॅज बीन ब्रोकन’, ‘विल बी ब्रोकन’ यांत काळ बदलला तरी तिसरे रूप हलत नाही. ‘ब्रोक’ हे दुसरे रूप स्वतःच भूतकाळ सांगणारे असल्यामुळे त्याला येथे जागाच नाही. शंका आली तर ‘वॉज’ काढून तेथे ‘विल बी’ घालून पाहावे. ‘विल बी गेव्ह’, ‘विल बी टुक’ कानाला लगेच खटकते, आणि ‘विल बी गिव्हन’, ‘विल बी टेकन’ आपोआप ओठांवर येते.

शिवाय सगळा तक्ता धोक्याचा नाही. ‘कट’, ‘पुट’, ‘शट’ यांची तिन्ही रूपे सारखीच आहेत. ‘सेंट’, ‘ब्रॉट’, ‘टॉट’, ‘पेड’, ‘मेड’ यांत दुसरे आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे चुकायला वावच नाही. जपावे लागते ते दुसरे आणि तिसरे रूप वेगळे असलेल्या क्रियापदांना. त्यांतली बरीचशी तिसऱ्या रूपात ‘न’कारान्त होतात, जसे टेकन, गिव्हन, रिटन, स्टोलन, चोझन, फरगॉटन, ड्रॉन, थ्रोन. काहींत फक्त स्वर बदलतो : ‘बिगॅन’ पण ‘वॉज बिगन’, ‘सँग’ पण ‘वॉज संग’, ‘रँग’ पण ‘वॉज रंग’. काहींचे तिसरे रूप पुन्हा पहिल्यासारखे होते आणि सुशिक्षित माणसेही तेथेच घसरतात. ‘द कँटीन वॉज रॅन बाय अ बचत गट’ हे चूक, ‘वॉज रन’ हे बरोबर. ‘द डिफिकल्टी वॉज ओव्हरकेम’ चूक, ‘वॉज ओव्हरकम’ बरोबर.

आपल्या कामात येऊ शकेल असे एक वाक्य पाहा : ‘द लॉक वॉज फाउंड ब्रोकन अँड थ्री लेजर्स हॅड बीन स्टोलन.’ यात तीन तिसरी रूपे आहेत. ‘फाउंड’ हे दुसरे आणि तिसरे रूप सारखेच असल्याने निर्धोक आहे. ‘ब्रोकन’ला स्वतःचा ‘वॉज’ नाही, ते कुलपाची अवस्था सांगते. म्हणून तेथे ‘ब्रोक’ लिहिण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. ‘स्टोलन’च्या आधी ‘बीन’ उभाच आहे. मी तक्त्याऐवजी अशी वाक्ये पाठ करायला सांगतो, कारण तिसरे रूप ‘वॉज’सकट कानात बसले की मधले रूप आड येत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ही चूक केवळ आपली नाही. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात तिसऱ्या रूपाच्या जागी दुसरे रूप वापरण्याच्या सवयीबद्दल तक्रार केली आहे, आणि उदाहरणे दिली आहेत ती नामांकित इंग्रज लेखकांची. आज मात्र प्रमाण लेखी इंग्रजीत ही सवलत कोणालाही मिळत नाही.

प्रश्न : ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ या वाक्यावर माझ्या मुलीच्या वहीत लाल रेघ आली. ‘हॅपन्ड’ हे तिसरे रूप बरोबर असताना वाक्य चूक कसे?
– एक पालक, लातूर

उत्तर : रूप बरोबर आहे, पण ‘हॅपन’ हे क्रियापद अकर्मक आहे. कर्मच नसेल तर कर्त्याच्या जागी कोणाला आणायचे? म्हणून ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढेच लिहावे. ‘डाय’, ‘अराइव्ह’, ‘फॉल’, ‘डिसॲपिअर’ यांनाही हेच लागू आहे.

जवळजवळच्या जोड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘राइज’ अकर्मक आहे आणि ‘रेझ’ सकर्मक. म्हणून ‘द फी वॉज रिझन’ चूक, ‘द फी वॉज रेझ्ड’ बरोबर. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे, याचे तिसरे रूप ‘लेन’ पॅसिव्हमध्ये येतच नाही; ‘ले’ म्हणजे ठेवणे, याचे ‘लेड’ हे तिसरे रूप इमारतींच्या कोनशिलांवर आपण नेहमी वाचतो : ‘फाउंडेशन स्टोन लेड बाय’ अमुक. संस्थांच्या माहितीपत्रकांत दिसणारी चूक थोडी वेगळी आहे. ‘फाउंड’ म्हणजे स्थापन करणे, हे स्वतंत्र आणि नियमित क्रियापद आहे. म्हणून ‘द सत्यशोधक समाज वॉज फाउंडेड इन १८७३’ असे लिहावे. ‘वॉज फाउंड’ लिहिल्यास समाज कोठेतरी हरवला होता आणि त्या साली सापडला, असा अर्थ होतो.

प्रश्न : ‘हंग’ की ‘हँग्ड’? ‘प्रूव्ह्ड’ की ‘प्रूव्हन’?
– एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : फाशीसाठी ‘हँग्ड’ आणि टांगण्यासाठी ‘हंग’, हा भेद औपचारिक लेखनात पाळला जातो. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव ‘वेअर हँग्ड’ २३ मार्च १९३१ रोजी; त्यांची तसबीर मात्र भिंतीवर ‘वॉज हंग’. ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘प्रूव्हन’ दोन्ही चालतात. एका लेखात एकच ठेवावे.