चक्कर येते म्हणजे नक्की काय येतं?

प्रश्न असा आला आहे: आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "चक्कर येते" असं तिने सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "चक्कर हा शब्द सोडून सांगा, काय होतं?" ती बिचारी गप्पच झाली. तर चक्कर, भोवळ, घेरी यांत काही फरक आहे का, आणि तिने काय म्हणायला हवं होतं?

व्युत्पत्ती बघाल तर तिन्ही शब्द गोल फिरणारेच. चक्कर चक्रातली, घेरी घेरातली, आणि भोवळ 'भ्रम्' म्हणजे फिरणे या धातूतली. प्राकृतातून झिजत झिजत त्या 'भ्रम्'चं 'भोव' झालं. भोवरा, भोवती, भोवताल ही सगळी त्याच घरातली मंडळी. काही भागांत भोवळीला भोवंड म्हणतात. कोकणीत फिरणं म्हणजे घुंवप आणि भोवळ म्हणजे घुंवळ. डॉक्टरांचा 'व्हर्टिगो'सुद्धा लॅटिनमधल्या 'फिरणे' या अर्थाच्या क्रियापदातून आला आहे, आणि ते क्रियापद संस्कृत 'वृत्'चं सख्खं भावंड. म्हणजे व्हर्टिगो आणि आपलं वर्तुळ एकाच कुळातले.

पण मूळ एक असलं तरी वापर भलतीकडे गेला. "उन्हात भोवळ येऊन पडला" असं वाचल्यावर कोणी त्याला जग फिरताना दिसलं असेल असं समजत नाही. शुद्ध हरपली असंच समजतो. घेरीचंही तेच. चक्कर तर उपासाने येते, रक्तदाबाने येते, बिल बघूनही येते. फिरण्याचा मूळ अर्थ या तिन्ही नामांतून जवळजवळ पुसला गेलाय, आणि डॉक्टरांना तर नेमका तोच हवा असतो.

उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडलेलं असतं. झीट येते ती त्याच्या पुढची पायरी. चालताना झोक जातो, पण डोकं स्वच्छ असतं, ही तिसरीच गोष्ट. आणि आपण स्थिर असताना खोली फिरते, तेव्हा बहुतेकदा संशय आतल्या कानावर जातो. तिथे एकमेकींशी जवळपास काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव डोकं वळलं की मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण्याची खबर मिळते. खबर खोटी निघाली की भिंती फिरू लागतात. यासाठी मराठीत अजून न झिजलेला एक शब्द आहे: गरगरणे. तुमच्या आईने "कुशीवर वळले की गरगरतं" एवढं म्हटलं असतं तरी डॉक्टरांचं अर्धं काम झालं असतं. किती वेळ गरगरतं हेही सांगावं. मिनिटाच्या आत थांबतं, काही तास टिकतं की दिवसचे दिवस चालतं, यावर निदान बदलतं.

कुशीवर वळल्यावर मिनिटभर गरगरत असेल, तर डॉक्टर बहुधा "कानातले खडे सरकलेत" म्हणतील. हा शब्द मला पटत नाही. ऐकणाऱ्याला मुतखडा आठवतो आणि तो ऑपरेशनचं विचारतो. हे असतात कॅल्शियम कार्बोनेटचे, शिंपल्यात असतं त्याच द्रव्याचे, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे कण. 'कणी' म्हणा हवं तर, तांदळाची असते तशी. ती आपल्या जागेवरून सुटून नलिकेत शिरते. तपासताना मान वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात. ही पद्धत १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी मांडली. मग डोकं ठरावीक क्रमाने वळवून कणी परत जागेवर घरंगळवतात. औषधाच्या गोळीने ती हलत नाही.

कोणी माहितीपत्रकात व्हर्टिगोला 'भ्रम' लिहिलेलं दिसलं तर कृपया बदलायला सांगा. आयुर्वेदात भ्रम हा मूर्च्छेहून वेगळा, चाकासारखं फिरवणारा विकारच आहे, त्यामुळे शब्द चूक नाही. पण आजच्या मराठीत भ्रम मनाला होतो, आणि भ्रमिष्ट म्हटलेलं कुठल्या आईला चालेल?

'गाडी लागणे' किंवा कोकणातल्या जुन्या लोकांचं 'बोट लागणे' हेही याच कानाचं दुखणं. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो नाही, आणि भांडण पोटावर निघतं. ज्यांच्या आतल्या कानाची तोलाची यंत्रणा पूर्ण निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही.

जाता जाता एक. वासरू उधळलं की आपण म्हणतो, याच्या कानात वारं शिरलं. व्हिएन्नात रॉबर्ट बारानी कानात पाणी सोडून कान धूत असे, तेव्हा पाणी फार थंड किंवा फार गरम असलं की रुग्ण गरगरतंय म्हणून तक्रार करत. त्यातून त्याने तपासणीच बसवली आणि १९१४चं नोबेल मिळवलं; बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. आज त्या तपासणीत ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी आळीपाळीने कानात सोडतात. काही ठिकाणी पाण्याऐवजी थंड-गरम हवा सोडतात. म्हणजे कानात खरोखरच वारं शिरतं, आणि माणूस गरगरतो.