गप्प बाळ म्हणजे रुळलेलं बाळ नव्हे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १४ महिन्यांची मुलगी, पुण्यातल्या संस्थेतून तुम्ही दत्तक घेताय. जिल्हाधिकाऱ्यांची दत्तकाची ऑर्डर नुकतीच झाली आहे, दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा मिळाला की पुढच्या महिन्यात न्यू जर्सीच्या घरी. सासूबाई मदतीला येणार, आणि पोचल्यावर दुसऱ्याच शनिवारी हॉल घेऊन बारसं करायचं घाटतंय. झोप, खाणं, डॉक्टर यांची काय तयारी ठेवू, असं तुम्ही विचारलंय. पण शेवटी सहज लिहिलंय की "भेटलो तेव्हा अगदी शांत होती, कोणाकडेही जाते, रडत नाही, त्यामुळे फार त्रास होईलसं वाटत नाही." मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

आमची लेकही महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतून इथे अमेरिकेत आली, आता ती शाळेत जाते. तेव्हापासून दत्तक घेतलेल्या अनेक मराठी आईबाबांशी बोलत आले आहे. हे "शांत आहे हो" जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो.

संस्थेतल्या मावश्या बाळांना मनापासून जीव लावतात. पण एकीच्या हाताखाली बरीच बाळं असतात, पाळ्या बदलतात, दूध घड्याळाप्रमाणे मिळतं. रडलं की कोणी येईलच याची खात्री नसते, म्हणून बाळ हळूहळू रडणं सोडतं. कोणाकडेही जाणं हाही त्यातलाच भाग. मोठं माणूस उचलून घेतं, खाली ठेवतं, जातं. मग दुसरं येतं. अमुक एक माणूस आपलं, हे तिला अजून कळलेलंच नाही. त्यात तुम्ही तिला आणाल तेव्हा ओळखीचं सगळं एका दिवसात नाहीसं होणार: खोली, शेजारच्या पाळण्यातली बाळं, मावशीचा आवाज, दुपारच्या भाताचा वास. ते दुःख ती बोलून दाखवू शकत नाही. पुष्कळ बाळं सुरुवातीला नुसती सुन्न असतात, आणि आपण त्यालाच गुणी म्हणतो.

त्यामुळे माझं सांगणं एकच आहे: पहिले दोन-तीन महिने तिचं जग लहान ठेवा. तिला दूध, घास, अंघोळ, लंगोट, झोपवणं हे सगळं फक्त तुम्ही दोघांनी करायचं. हूं की चूं केलं तरी जायचं, नाही केलं तरी मधूनमधून जायचं. न मागता उचलायचं. दोन-तीन आठवड्यांनी ती मोठ्यानं रडायला लागली, तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराशी येऊन आकांत करू लागली, तर ताप-कान-दात तपासून घ्या आणि मग आनंद माना. हाक मारली की कोणीतरी येतं हे तिला उमगलंय. घरचे म्हणतील, "इतकी शांत होती, तुम्ही लाडावून ठेवलीत." त्यांना म्हणू द्या.

आता सासूबाई. हा भाग सगळ्यात नाजूक आहे. आजी सात समुद्र ओलांडून येणार आणि नातीला मांडीवर घेऊन भरवू नका म्हणायचं, हे फोनवर शेवटच्या आठवड्यात सांगू नका. आत्ताच, शक्यतो तुमच्या यजमानांनी सांगावं. सरळ सांगावं: "आई, तिला आजवर दहा हातांनी वाढवलंय. आई-बाबा कोण हे आधी कळू दे, मग आजी कोण ते कळेल. तोवर आम्हाला तू सांभाळ." आणि त्यांना खरोखरचं काम द्या. स्वयंपाक, धुणं, दुपारी तुम्ही झोपाल तेव्हा फोन घेणं. त्यांनी त्याच खोलीत बसून ओव्या म्हणाव्यात, गप्पा माराव्यात, ती आपणहून गुडघ्याला येऊन टेकली तर डोक्यावरून हात फिरवावा. भरवणं आणि झोपवणं मात्र तुमच्याकडेच. आणखी एक मायेनं सांगून ठेवा: काजळ नको. कित्येक काजळांत शिसं सापडलेलं आहे आणि बाळाच्या मेंदूला ते घातक असतं.

बारसं पुढे ढकला. हॉलभर माणसं, लाउडस्पीकर, प्रत्येकाच्या हातात जाणारं बाळ, हे तिला संस्थेत येणाऱ्या पाहुण्यांसारखंच वाटणार. तीन महिन्यांनी करा, तेव्हा ती गर्दी बघून तुमच्या खांद्यात तोंड लपवेल आणि ते बघून तुम्हाला बरं वाटेल. तोवर घरीच पाच माणसांत नाव ठेवा, पेढे वाटा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. तिच्या कानावर आजवर मराठीच पडलं आहे. गोऱ्या कुटुंबात गेलेल्या बाळाला ही सोय मिळत नाही. घरात मराठीच बोला, "चला चला, दुदू प्यायचं" असं मावश्या म्हणतात तसंच म्हणा. डेकेअरचं इंग्रजी आपोआप येतं.

झोपेबद्दल. न्यू जर्सीचं गालिचे अंथरलेलं घर रात्री भयाण शांत असतं. ती झोपत आली आहे पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि इतर बाळांच्या आवाजात, बहुधा मिणमिणत्या दिव्यात. आमच्याकडे भर थंडीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू असायचा. वेळेचा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आठवडाभर तरी छळतो. पहाटे तीनला खेळायला उठली तर दिवा मंद ठेवून शेजारी बसा. पाळणा तुमच्याच खोलीत, पलंगाला लागून. इथले डॉक्टर बाळाला मोठ्यांच्या पलंगावर घेऊ नका सांगतात आणि ते पाळा, पण हात गजांतून आत जाईल इतकं जवळ ठेवा. रडू देऊन झोपायला शिकवण्याची पद्धत कोणी कितीही शिफारस केली तरी या बाळांसाठी नाही, निदान पहिलं वर्ष तरी नाही. ती झोपताना स्वतःशीच डुलत असेल किंवा डोकं आपटत असेल तर घाबरू नका. तिनं स्वतःला शांत करायला शोधलेला तो उपाय आहे. हात ठेवा, गुणगुणा. कमी होत नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

खाण्यात पहिले दोन आठवडे काहीही नवीन करू नका. संस्थेत जी दुधाची पावडर चालते तिचे डबे तिथूनच घेऊन या, इथल्या दुधावर हळूहळू मिसळत न्या. बाटलीचं निपलही तेच आणा, कारण अनेकदा त्याचं भोक मोठं असतं आणि इथल्या बाटलीतून ओढता ओढता बाळ दमून चिडतं. बाटली स्वतः धरता येत असली तरी मांडीवर घेऊन, डोळ्यांत बघत पाजा. मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, रव्याची खीर हेच चालू ठेवा. काही बाळं कितीही दिलं तरी तोंड उघडतच राहतात, वाटी उचलली की किंचाळतात. वाटी लहान घ्या, पण "पुरे आता" म्हणू नका, दुसऱ्यांदा वाढा. पुढचं जेवण येणार आहे याची खात्री पटली की ते थांबतं. त्याला काही महिने लागतात.

डॉक्टरांची तपासणी पोचल्यापासून दोन आठवड्यांत व्हायला हवी. मोठ्या बाल-रुग्णालयांत परदेशातून दत्तक आलेल्या मुलांसाठी वेगळे दवाखाने असतात. जवळपास असेल तर विमानात बसण्याआधीच वेळ घ्या. नेहमीच्याच डॉक्टरकडे जाणार असाल तर स्वतः मागणी करा: हिमोग्लोबिन आणि लोह, शिसं, थायरॉइड, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनचा प्रकार, व्हिटॅमिन डी, वेगवेगळ्या दिवशीचे तीन शौचाचे नमुने, कान आणि डोळे. भारतात झालेल्या चाचण्या फाइलमध्ये असल्या तरी या पुन्हा करतात. टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर "टीबीची बीसीजी लस दिलीय ना, त्यामुळेच" म्हणून कोणी सोडून देत असेल तर सोडू देऊ नका. निगेटिव्ह आली तरी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करून घ्या. लशींचं कार्ड जपून आणा, पण नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस इथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) द्यावीच लागते. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए तिला बहुधा दिलेलं नसेल.

पहिल्याच भेटीत आणखी एक करून घ्या. आपल्या बाळांच्या कमरेवर, पाठीवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ते डॉक्टरांना कागदावर नोंदवायला लावा. नाहीतर उद्या डेकेअरमध्ये कोणी त्याला मार लागल्याचे वळ समजलं तर नाहक चौकशीला तोंड द्यावं लागेल. अंगाला खाज येत असेल तर खरूज तपासा. निघाली तर औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं असतं.

ती १४ महिन्यांची असूनही दहाची वाटेल, चालत नसेल, तर लगेच धास्ती घेऊ नका. संस्थेत जमिनीवर खेळायला मिळणारा वेळच कमी असतो. घरी आल्यावर वजन-उंची, उभं राहणं भराभर सुधारतं. पण "होईल हळूहळू" म्हणत वाटही बघू नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन (वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत) सेवा आहे, आईवडिलांनी स्वतः फोन केला तरी चालतो, मूल्यमापनाला पैसे पडत नाहीत आणि त्यांनी ४५ दिवसांत ते करायचं असतं. मूल्यमापन मराठीत, दुभाषा घेऊन करा असं ठामपणे सांगा.

बाबांबद्दल कोणी आधी सांगत नाही. संस्थेत बाळाला सांभाळणाऱ्या सगळ्या बायका. त्यामुळे पुरुषाचा आवाज, दाढी, उंची याची तिला धडकी भरू शकते. आमच्याकडे कित्येक दिवस बाबा खोलीत आले की ही माझा पदर घट्ट धरायची. त्यांनी उभ्यानं जवळ न जाता जमिनीवर आडवं पडून राहायचं ठरवलं, तिनं येऊन चष्मा ओढेपर्यंत. अंघोळ आणि रात्रीची बाटली बाबांकडे द्या. उलटही होतं, बाळ बाबांनाच चिकटतं आणि आईला ढकलतं. फार लागतं मनाला. तरी कामं वाटूनच करा.

आणि तुम्ही स्वतः. इतकी वर्षं वाट बघितल्यावर बाळ घरी येतं आणि प्रेम वगैरे काही वाटत नाही, नुसता थकवा आणि भीती वाटते, असं अनेक आयांचं होतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासारखंच ते असतं, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगा. बाळंतिणीला मैत्रिणी डबे आणून देतात, दत्तक आईला मात्र कोणी विचारत नाही, कारण तिला गरज आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही मागा. डबा दाराशी ठेवून जा म्हणा.

नातेवाईक "आईवडील कोण, का सोडलं" विचारतील. जे कागदात आहे ते तिचं आहे, ती मोठी झाल्यावर तिनं ठरवायचं कोणाला सांगायचं. "पुण्याहून आली" एवढं पुरे.

निघण्याआधी संस्थेत विचारून घ्या, नंतर मिळणं कठीण जातं: दिवसाचं वेळापत्रक, कुशीवर झोपते की पाठीवर, कोणतं गाणं म्हणतात, कोणत्या मावशीकडे ओढा आहे. त्या मावशीबरोबर फोटो काढा. तिच्या अंथरुणातलं एखादं फडकं न धुता मागून घ्या आणि इथेही लगेच धुऊ नका. पोचल्यानंतर दोन वर्षं तुमची अमेरिकेतली दत्तक एजन्सी कारासाठी, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणासाठी, प्रगतीचे अहवाल पाठवते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्याला फोटो जोडताना संस्थेसाठीही एक प्रत द्या, मावश्या वाट बघत असतात.

दोन कामं मात्र या आठवड्यातच. ऑफिसच्या एचआरला विचारा: बाळाला आरोग्य विम्यात घालायची मुदत साधारण ३० दिवसांची असते आणि ती दत्तकाच्या किंवा ताब्याच्या तारखेपासून मोजतात, अमेरिकेत उतरल्यापासून नाही. आणि दोघांच्या रजेचं ठरवा. न्यू जर्सीत फॅमिली लीव्ह इन्शुरन्समधून दत्तक बाळासाठी प्रत्येकाला १२ आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळू शकतो. पहिले तीन-चार आठवडे दोघंही घरी राहा, मग एकानंतर एक घ्या, म्हणजे डेकेअर शक्य तितकं लांबणीवर पडेल. सासूबाईंचं तिकीट अजून काढलं नसेल तर तुम्ही पोचल्यावर महिन्याभरानंतरचं काढा.