उसाच्या चिपाडापासून, पाचटापासून वीज करणं परवडतं का? (निपाणी-चिकोडी भाग)

चिपाडाचं परवडतं, कारण ते कारखान्यात आपसूक येऊन पडतं. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो चिपाड निघतं. निम्मं पाणीच असतं, तरी बॉयलरला चालतं; वाफेवर टर्बाइन फिरतं, कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रिडला विकता येते. अडचण एवढीच, की गाळप संपलं की चिपाडही आटतं.

पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याची, गोष्ट वेगळी. हलकं, फुगीर, ट्रॉली भरलेली दिसते, वजन काहीच नाही. भाड्यातच पैसा जातो. शिवाय त्याच्या राखेतल्या पोटॅशमुळे बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो. आमच्याकडं अजून काहीजण फडातच काडी लावतात, ते तर सगळ्यात वाईट! माझं म्हणाल तर पाचट सरीत कुजवा. घरच्या चुलीसाठी चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅस बघा.