दिवसभर उघडा राहिलेला टॅब का फुगतो?

प्रश्न : आमचा डॅशबोर्ड दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारून ताजे आकडे आणि आलेख दाखवतो. सकाळी टॅब १२० एमबी मेमरी घेतो, आठ तासांनी १ जीबीवर जाऊन अडखळायला लागतो. रिफ्रेश केलं की पुन्हा ठीक. हे पोलिंग (ठरावीक वेळाने विचारत राहणं) काढून वेबसॉकेट (सर्व्हरशी कायम उघडी जोडणी) आणू का?

उत्तर : थांबा. आलेल्या माहितीचं पुढे जे करता तेच वेबसॉकेटवरही कराल, आणि मेमरीची गळतीही (काम संपूनही न सुटणारी मेमरी) तशीच सुरू राहील. आधी हिशोब मांडा. आठ तासांत ५,७६० फेऱ्या, वाढ सुमारे ९०० एमबी. म्हणजे फेरीमागे साधारण १६० केबी. एखाद्या चुकार टायमरचं एवढं वजन नसतं. बहुधा अख्खा रिस्पॉन्स किंवा त्यातून बनलेलं काहीतरी कुणीतरी धरून ठेवलंय.

कोडमधले कन्सोल लॉग आधी काढा. डेव्हटूल्स (ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं) उघडे असताना कन्सोलवर छापलेला ऑब्जेक्ट जिवंतच राहतो. खोट्या गळतीमागे माझी एक अख्खी दुपार गेली आहे. मग पोलिंग अर्ध्या सेकंदावर आणा, दहा-बारा फेऱ्या होऊ द्या आणि क्रोमच्या मेमरी पॅनलमध्ये हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) घ्या. त्यानंतर मोजून १०० फेऱ्या, की दुसरा स्नॅपशॉट. दोन्हींची तुलना लावून बरोबर १०० किंवा २००ने वाढलेली वस्तू शोधा. कॅशमुळे होणारी वाढ सहसा इतकी नेमकी नसते. त्या वस्तूवर क्लिक केलं की खाली रिटेनर्समध्ये तिला कोणी धरलंय ते दिसतं.

मला असेच एकदा १०० डिटॅच्ड (पानावरून काढलेले, पण मेमरीत उरलेले) कॅनव्हास, म्हणजे आलेख रेखाटायच्या चौकटी, सापडले होते. दर फेरीला जुना आलेख पानावरून काढून नवा बनवला जात होता, पण जुन्याने विंडोवर लावलेला रिसाइझचा लिसनर (विंडोचा आकार बदलला की चालणारं फंक्शन) कोणी काढतच नव्हतं. लिसनरच्या क्लोजरमध्ये (फंक्शनने धरून ठेवलेल्या बाहेरच्या व्हेरिएबल्समध्ये) आलेख, आलेखाकडे कॅनव्हास आणि त्या फेरीचा सगळा डेटा. तुमच्याकडेही आलेख आहेत, म्हणून मी पहिला संशय तिथेच घेईन. आलेख एकदाच बनवा, पुढे फक्त त्यातला डेटा बदला.

आणखी एक. सेटइंटरव्हल (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा चालणारा टायमर) वापरत असाल तर सर्व्हर मंदावल्यावर आधीचं उत्तर यायच्या आतच पुढची रिक्वेस्ट सुटते आणि रांग साचते. उत्तर आल्यावरच, किंवा ते फसल्यावर, सेटटाइमआउटने (एकदाच चालणाऱ्या टायमरने) पुढची फेरी लावा. कंपोनंट (पानाचा तो भाग) पानावरून जाताना तो टायमर रद्द करा आणि अर्धवट रिक्वेस्ट अबॉर्टकंट्रोलरने तोडा.